सगुणा म्हशीचे गुरुवार

"सहा ठेवा, आप्पा. सात जास्त हायत, मान्य. पण एकदम पाचावर नका येऊ. सहावर मिटवू. तुमचं बी ऱ्हाईल, आमचं बी."

धोंडाबाई माळीण माझ्या वडिलांशी घासाघीस करत होती, आणि घासाघीस चालली होती माझ्या बोटांवरून. मी शेजारीच बांगड्यांच्या पेटाऱ्यावर पाय हलवत बसले होते आणि आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत होते. मला कोणी काही विचारत नव्हतं.

"ही काय गवार हाय व्हय, मूठभर कमीजास्त करायला?" आप्पा म्हणाले.

"तसं नव्हं. पण एवढा बाजार बसलाय हितं आणि तुम्ही एकट्यानंच कसं काय ठरवलं?"

"पोरगी माझी हाय."

"पोरगी तुमची, पण हात बाजाराचा हाय," असं म्हणत गफूरचाचा मध्ये पडले. चाचांची केळ्यांची गाडी आमच्या दुकानाला लागूनच उभी असायची, त्यामुळं आमच्या घरच्या प्रत्येक गोष्टीत मध्ये पडण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

आप्पांनी हातातल्या बांगड्यांची लड खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "ठरलंय. पुढच्या सोमवारी पुण्याला जाणार." आप्पा मुळात कमी बोलायचे. दिवसभर बायकांची मनगटं आणि त्यांच्या सासवांच्या तक्रारी हातात घेऊन बसणाऱ्या माणसाला बोलायला सवड तरी कुठली मिळणार?

माझ्या उजव्या हाताला जन्मतःच सात बोटं होती आणि अंगठा नव्हता. सहा बोटांची माणसं पुष्कळांनी पाहिलेली असतात, पण माझ्यासारखा हात आमच्या तालुक्यात कोणी पाहिला नव्हता. पंजा मधोमध घडी घालून उलगडल्यासारखा दिसायचा, मधलं बोट सर्वांत उंच आणि दोन्हीकडं उतरत गेलेली तीन-तीन बोटं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. खडकवणीच्या बाजारपेठेत, पाराच्या समोर, आमचं कासाराचं दुकान होतं आणि दर गुरुवारी त्या पाराभोवती आठवडी बाजार भरायचा.

त्या बाजारात माझ्या हाताला फार मान होता. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, या सात बोटांच्या हातून झाली की माल हातोहात खपतो अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. ती सुरू झाली धोंडाबाईपासून. मी चारेक वर्षांची असताना आईनं मला भाजी आणायला नाणं देऊन तिच्याकडं पाठवलं आणि त्या दिवशी म्हणे तिची पाटी दुपारच्या आतच रिकामी झाली. तेव्हापासून गुरुवारी सकाळी शाळेआधी माझी फेरी ठरलेली असायची. गल्लीतल्या बायका आपापली नाणी माझ्याकडं द्यायच्या. कोणाची मेथी, कोणाची केळी, कोणाची उदबत्ती, अशी पहिली खरेदी माझ्याच हातून व्हायची. चिमटीत नाणं धरणं मला जमायचं नाही. अंगठाच नाही तर चिमूट कुठली? मी नाणं तळव्यावर ठेवून वरून बोटं मिटायची आणि पंजा उलटा करून विकणाऱ्याच्या पदरात सोडायची. मग ते नाणं कपाळाला लागायचं आणि माझ्या ओच्यात एखादा पेरू, एखादं केळं पडायचं. कापडवाल्या शिवलालशेठनी तर एकदा गुलाबी रिबिनीचा अख्खा तुकडा दिला होता. मी त्या बाजारात राणीसारखी फिरायची, आणि मला ते मनापासून आवडायचं हे लपवण्यात अर्थ नाही.

फक्त आमच्या दुकानाची भवानी माझ्या हातून व्हायची नाही. घरचा पैसा भवानीला चालत नाही.

याच्याही आधीची एक पुसटशी आठवण मला आहे. आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक छोटी पिशवी शिवली होती आणि घराबाहेर पडताना ती माझ्या उजव्या हातावर चढवून वर नाडी बांधायची. ती पिशवी पुढं कुठं गेली, का गेली, हे मी कधी विचारलं नाही. भवानीचा मान मिळाल्यावर पिशवीची आठवण कोण काढतं?

आता राहिली माझी एक इच्छा. काचेची बांगडी भरताना कासार गिऱ्हाइकाचा अंगठा तळव्यात मुडपतो, पंजा दाबून निमुळता करतो आणि बांगडी अलगद सरकवतो. भरून झाल्या की बाई, मग ती कोणी का असेना, कासाराला नमस्कार करून उठते. हे मी दिवसभर बघायची. पण माझा उजवा पंजा निमुळता व्हायचाच नाही. जी बांगडी त्यावरून जायची ती तितक्याच सहज खाली गळून पडायची. कासाराची लेक, डावा हात कोपरापर्यंत भरलेला आणि उजवं मनगट बोडकं. आप्पांनी एकदा चांदीची, उघडझाप करायची बांगडी आणली होती. मी ती पेटाऱ्यात टाकून दिली. मला काचेच्याच हव्या होत्या, हिरव्या, आणि हात हलवला की वाजणाऱ्या.

तर तालुक्याला तपासणीचं शिबिर लागलं, तिथं पुण्याचे डॉक्टर आगाशे आले आणि माझा हात बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. असा हात आपण इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा बघतोय असं ते म्हणाले. सातातली दोन बोटं काढायची, एक फिरवून त्याचा अंगठा करायचा, बाकीची चार तशीच ठेवायची. लेखणी धरता येईल, भाकरी थापता येईल, आणि जितकं लवकर तितकं बरं. आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"हात मुडपंल?"

"मुडपेल. सरावानं."

आप्पांनी तिथल्या तिथं होकार दिला.

बातमी बाजारात पोचली आणि खडकवणीत जी काही चर्चा उसळली ती गावच्या निवडणुकीलाही उसळली नव्हती. गुरव म्हणाला, देवानं हातचं राखून दिलेलं नाही, ते माणसानं कमी करू नये. शाळेतले गुरुजी म्हणाले, उत्तम झालं, मुलीचं अक्षर सुधारेल. माझी आत्या सासरहून एसटीनं मुद्दाम येऊन रडून गेली, आणि कशासाठी रडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. शिवलालशेठना काळजी एवढीच, की दिवाळीचा बाजार होऊन गेल्यावर केलं तर नाही का चालणार? आणि जाण्याआधीच्या त्या गुरुवारी तर कहर झाला. दुपार झाली तरी लोक मला सोडेनात. ज्यांची भवानी होऊन गेली होती तेही "परत एकदा दे की" म्हणून पदर पसरत होते.

मी मात्र मधूनच हिशेब मांडायची. बांगड्या हव्या होत्या हे खरं. पण पाच बोटांच्या पोरीला पेरू कोण देणार?

शेवटी बाजारानं ठरवलं की आप्पांशी बोलून उपयोग नाही, थेट डॉक्टरांशीच बोलायचं. मंडळी बाजाराची, घासाघीस न करता त्यांनी आयुष्यात काही स्वीकारलंच नव्हतं. दोन माणसं आमच्याबरोबर पुण्याला जातील असं ठरलं. गफूरचाचा, कारण त्यांचा या हातावर सर्वांत जास्त विश्वास होता. आणि धोंडाबाई, कारण भाव करण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. कोथिंबिरीच्या एका जुडीवरून ती समोरच्याला तहान लागेपर्यंत भांडायची.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही पाचजण शिरलो. आई, आप्पा, मी, आणि मागून केळ्यांची फणी घेतलेले चाचा आणि पदर खोचलेली धोंडाबाई.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचा बाजार," आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले.

चाचांनी केळी टेबलावर ठेवली आणि धोंडाबाईला कोपरानं ढोसलं. धोंडाबाई पुढं झाली.

"सायब, अंगठा करा. आमचं कायबी म्हणणं न्हाई. पर बोटं पाच ऱ्हाऊ द्या. पाच बोटं आन् एक अंगठा, म्हंजी सहा. एकच काढा."

डॉक्टरांनी एकदा आप्पांकडं बघितलं. मग माझा हात टेबलावर ठेवून त्यांनी शांतपणे समजावलं. "मावशी, एक जास्तीचं बोट ठेवलं तर अंगठ्याला समोर यायला जागा उरत नाही. अंगठा असून नसल्यासारखा. पाच म्हणजे पाचच."

आता धोंडाबाई मांडी ठोकणार, देवाला साक्षीला बोलावणार, उठून जाण्याचं नाटक करणार आणि दारातून परत येणार. हे सगळं मी शंभरदा बघितलं होतं.

धोंडाबाईनं नुसती मान हलवली. "तसं असंल तर तसं. काय चाचा? सायब जागाच न्हाई म्हणत्यात."

"आं?" चाचांनी तिच्याकडं पाहिलं. "झालं? एवढंच?"

"मग काय डागदराशी मारामारी करू? आपण भांडलो. बाजाराला सांगा, धोंडाबाई भांडली."

चाचांना काही पटलं नाही. दारातून बाहेर पडता पडता ते परत फिरले आणि फार अदबीनं म्हणाले, "सायब, ती दोन बोटं काढल्यावर परत मिळत्याली का?"

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही, कारण मी झोपले होते. जागी झाले तेव्हा हाताच्या जागी पांढरं मुसळ होतं आणि उशाशी आप्पा बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, "दुखतंय का आप्पा?" तर ते हसायला लागले आणि डोळे पुसायचं विसरून गेले.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आत जो हात निघाला तो मला आपला वाटेचना. बारीक, फिकट, शिवणीच्या रेघा असलेला. आणि कडेला अंगठा. होता खरा, पण जरा वाकडा आणि भलता आळशी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. एका वाटीत चिंचोके घ्यायचे आणि चिमटीनं उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. मी सकाळ-संध्याकाळ बसायची. अंगठा हलायचा, बोटाजवळ यायचा आणि ऐनवेळी माघार घ्यायचा. चिंचोके घरभर व्हायचे. आप्पांनी एकदा हात मुडपून पाहिला. मी ओठ दाबले तरी त्यांना कळलं. "घाई न्हाई," म्हणाले आणि हिरव्या बांगड्यांची लड परत खुंटीला अडकवली. ती लड त्यांनी माझ्यासाठी पुण्याला जाण्याआधीच वेगळी काढून ठेवली होती.

आणि मग गुरुवार आला.

आईनं नाणं दिलं. "जा, धोंडाबाईकडनं वांगी आण," म्हणाली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मी पारापर्यंत गेले. गफूरचाचा गाडीमागून पुढं आले, त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांवरून नजर फिरवली.

"पाच," ते खोल आवाजात म्हणाले. मग सावरून म्हणाले, "ब्येस झालंय हां. ब्येस. माझ्यासारखाच दिसतोय आता."

"आपल्या समद्यांसारखाच," मागून कोणीतरी म्हटलं, आणि ते ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले.

जन्मात पहिल्यांदा माझा हात चारचौघांसारखा झाला होता आणि त्याचा आनंद एकालाही झाला नव्हता. शिवलालशेठ कापडाचे तागे लावण्यात गढून गेले. उदबत्तीवाल्याला अचानक उदबत्त्या मोजायचं सुचलं. पदर कोणी पसरला नाही. मला वाटलं, नाणं तिथंच टाकून घरी पळावं आणि आईला सांगावं, ती जुनी पिशवी काढ.

"ए वैजे! खांब होऊन काय हुबी ऱ्हाईलीस? भवानीचा येळ चाललाय!"

धोंडाबाई तिच्या पाटीमागून मला ओरडत होती. समोर जांभळ्या वांग्यांचा हा एवढा ढीग. तिनं दोन्ही हातांनी पदर धरला होता.

मी तिच्यासमोर गेले. पहिल्यासारखं तळव्यावर नाणं ठेवून उलटं करता आलं असतं. पण मला हट्ट आला. अंगठा केलाय ना? मग अंगठ्यानंच देणार. मी नाणं अंगठा आणि बोटामध्ये धरलं. सगळा बाजार बघत होता. पदरापर्यंत हात नेला, ऐनवेळी अंगठ्यानं माघार घेतली आणि नाणं निसटून वांग्यांच्या ढिगात कुठंतरी खोल गेलं.

"पडलं," चाचा पुटपुटले. भवानीचं नाणं पडलेलं आमच्या बाजारात कोणी पाहिलं नव्हतं.

मला रडू फुटणार एवढ्यात धोंडाबाई पाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पडलं न्हवं! पेरलं! आजवर पदरात टाकायची, आज थेट मालात पेरलंय पोरीनं. आता बघा कसं उगवतंय ते!"

दोघातिघांनी माना हलवल्या. मी वांगी घेऊन घरी आले.

दुपारी शाळेच्या सुट्टीत बाजारात नवीच हवा होती. धोंडाबाई उठली होती. पाटीवर गोणपाट घट्ट बांधून, कमरेवर हात ठेवून ती सांगत होती, "खलास! एक वांगं उरलं असंल तर नावाची धोंडी न्हाई. नवा अंगठा जुन्या सातांना भारी हाय!" आणि पाटी डोक्यावर घेऊन ती नेहमीच्या वाटेनं, ओढ्याकडच्या मागच्या बोळानं, घरी निघून गेली. गफूरचाचा तिच्या पाठमोऱ्या पाटीकडं बघत राहिले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पयल्यांदा माझ्याकडं ये हां, बेटा."

माझ्या जिवात जीव आला.

त्या दिवशी आईनं शिरा केला होता. धोंडाबाईसाठी वाटीभर काढून ती म्हणाली, "पळत जाऊन देऊन ये." मी त्याच मागच्या बोळानं गेले. धोंडाबाईच्या घराला पुढून ओटा आणि मागून गोठा. आमच्या गावात तिच्या सगुणा म्हशीची ख्याती होती. अशी काळीभोर, तुकतुकीत, रुंद म्हैस दुसरी नव्हती. एवढं हिला घालतेस तरी काय, असं लोक विचारायचे आणि धोंडाबाई म्हणायची, "माया."

गोठ्यात माया चालली होती. सगुणेपुढच्या डालीत सकाळचा जांभळा ढीग जसाच्या तसा पडला होता आणि ती डोळे मिटून वांगी चघळत होती. धोंडाबाई ढिगात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होती आणि म्हशीला ओरडत होती, "थांब की गं बाई! दमानं खा. नाणं हाय त्येच्यात, गिळशील!"

मी दारात उभी राहिले. "मावशी, वांगी तर संपली ना?"

धोंडाबाईनं वळून बघितलं. तिला खोटं बोलायची इतकी सवय होती, पण या वेळी तिच्या हातात वांगी होती. ती मटकन खाली बसली.

"दार लाव," म्हणाली.

मी दार लावलं.

"दर गुरुवारी?" मी विचारलं.

"दर गुरुवारी."

"कधीच संपत नव्हती?"

"दुपारपत्तोर कुणाची भाजी संपत्या गं, येडे? खरं गिऱ्हाईक उन्हं कलल्यावर येतंय. पर एकदा 'दुपारीच खलास' म्हटल्यावर मागनं बसायचं कसं? उठाय लागायचं. मग ही हायच खायला."

मग तिनं सांगितलं. मी जन्मले आणि माझ्या हाताची बातमी पंचक्रोशीत पसरली. पोटुशी बाई आमच्या दुकानाची पायरी चढेना. त्या पोरीच्या हातावर नजर पडली तर आपल्या बाळाचं काय होईल, अशी भीती. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरायला बायका दुसऱ्या गावच्या कासाराकडं जायला लागल्या. आणि ज्या कासाराकडं तो चुडा भरत नाहीत त्याच्याकडं हळूहळू बाकीच्याही भरेनात. मग आईनं पिशवी शिवली.

"ती पिशवी बघून माझं डोस्कंच फिरलं," धोंडाबाई म्हणाली. "एवढंसं लेकरू आन् त्येच्या हाताला बुरखा. तुज्या आईला म्हनलं, काढ ती आन् धाड तिला माज्याकडं. हात वाईट न्हाई म्हणून कंठशोष केला असता तरी लोकांनी ऐकलं नसतं. म्हनून म्हनलं, हात चांगला हाय म्हनू. लोकांना ते लवकर पटतंय. पर इतकं पटंल असं वाटलं न्हवतं बाई! तुजा बाप पुण्याला न्यायचं म्हणाला आन् समदा बाजार आडवा पडला. गफूर तर डागदराचं पाय धरून बसला असता. म्हनून मीच गेले भांडायला. कुणीतरी हरावं लागतंय, मग मीच हरले."

मला कोथिंबिरीची जुडी आठवली आणि डॉक्टरांच्या खोलीतली ती नुसती हललेली मान आठवली.

"म्हणजे माझा हात चांगला नव्हताच?" माझा आवाज जरा बारीकच निघाला.

"कोण म्हनलं?" धोंडाबाई उसळली. "ह्या म्हशीकडं बघ! तालुक्यात हाय अशी दुसरी?"

सगुणेनं नेमकं तेव्हाच एक वांगं बाजूला सारलं आणि डालीच्या कोपऱ्यात माझं नाणं चमकलं. म्हशीचं तोंड त्याच्याकडं निघालं होतं. मी विचार न करता पुढं झाले, हात घातला आणि नाणं उचललं. उचलून वर धरल्यावर माझ्या लक्षात आलं. अंगठा एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला, मध्ये नाणं. पडत नव्हतं.

धोंडाबाईनं आ वासला. मग तिनं पदर पसरला. "दे," म्हणाली. "आता दे."

मी नाणं तिच्या पदरात टाकलं. तिनं ते कपाळाला लावलं, आणि त्या गोठ्यात बघायला कोणी नव्हतं तरी लावलं.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मी घरातले सगळे चिंचोके इकडचे तिकडे केले. आणि एका गुरुवारी सकाळी, बाजार भरत असताना, आप्पांनी मला दुकानात गिऱ्हाइकाच्या बाजूला बसवलं. खुंटीवरची हिरवी लड काढली. "मूठ सैल सोड," म्हणाले. बायकांना ते हजारदा म्हणत असलेलं वाक्य, पण आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी माझा नवा अंगठा तळव्यात मुडपला, पंजा दाबला आणि पहिली बांगडी सरकवली. ती मनगटावर आली आणि तिथंच राहिली. मी हात हलवला. वाजली.

समोर पाराभोवती सगळे उभे होते. सगळ्या भरून झाल्यावर मी रीतीप्रमाणं आप्पांना नमस्कार केला. धोंडाबाईनं तिकडून तिच्या कनवटीचं नाणं काढून आप्पांच्या पुढ्यात टाकलं आणि ओरडली, "घरचा पैसा चालत न्हाई ना? हा घ्या बाहेरचा. भवानी झाली तुमची!" गफूरचाचा डोळे पुसत सगळ्यांना केळी वाटत सुटले होते.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी वाट काढत आली. वाडीवरची होती. मागं तिची सून, तोंडावर पदर, पोट पुढं आलेलं. सातवा चालू असावा. आईचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झालेला मला दिसला. कितीतरी वर्षांत तसं गिऱ्हाईक आमची पायरी चढलं नव्हतं. भवानीचा बोलबाला झाल्यावर बाकीच्या बायका आमच्याकडं परतल्या होत्या, पण पोटुशी एकही आली नव्हती.

"कासारदादा, चुडा भरायचाय सुनंचा," म्हातारी म्हणाली. "पर पयली बांगडी ह्या लेकीच्या हातनं भरा."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते बाजूला सरकले. मी त्या बाईचा हात हातात घेतला. अडीचच्या मापाचा हात, मऊ, घाबरल्यामुळं गार पडलेला. "मूठ सैल सोडा," मी म्हणाले. डाव्या हातानं तिचा अंगठा मुडपला, उजव्या चिमटीत हिरवी बांगडी धरली आणि हळूहळू, न वाढवता (कासार 'फोडता' म्हणत नाही), मनगटावर नेली. ती बाई पदराआडून हसली. मग सासूनं आधार दिला तशी जपून वाकली आणि तिनं माझ्या हाताला, चारचौघांसारख्या त्या पाच बोटांच्या हाताला, नमस्कार केला.

आज ते दुकान मीच चालवते. बांगडी भरताना माझा अंगठा अजून थोडा वाकडाच पडतो.

त्या दिवशी बाजाराला आलेलं सगळं माणूस आमच्या दुकानापुढं लोटलं आणि परत जाताना धोंडाबाईच्या पाटीवरून गेलं. दुपारी ती उठली तेव्हा तिनं काहीच पुकारलं नाही, आणि मला ते नवलाचं वाटलं. शाळा सुटल्यावर मी मागच्या बोळानं गोठ्यात डोकावले. सगुणा माझ्या हाताकडं बघून मोठ्यानं रेकली. डालीत एक वांगं नव्हतं. नुसता कडबा होता.